बाभूळ, साग, अंजन: कुठल्या लाकडाला चेन सॉचा कुठला दात

"मशीन चालस, पन कापस नही." खान्देशात ज्यानं नुकतंच चेन सॉ घेतलंय त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळतं. इंजिन गरजतंय, बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, बाभळीच्या बुंध्यावर टेकवलाय, आणि खाली पडतोय तो नुसता पिठूळ भुसा. मग माणूस अंगाचा जोर लावतो, चेन तापते, बारची कड निळी पडते आणि संध्याकाळी तो दुकानात जाऊन मोठ्या सीसीच्या मशीनचा भाव विचारतो. बहुतेक वेळा इंजिनाचा काही दोष नसतो. लाकूड दात कापतो, इंजिन त्याला फक्त फिरवतं.

मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तकही इथे अर्धवटच कामाला येतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाइन आणि स्प्रूसची जंगलं असतात. त्यांचं मऊ लाकूड म्हणजे सूचिपर्णी झाड. तापी-गिरणेच्या काठच्या शिवारात तसलं झाड शोधून सापडायचं नाही. आपल्याकडे बांधावरची बाभूळ, दारातला निंब, डोंगरातला अंजन, तेही चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळलेलं आणि सालीत धूळ मुरलेलं. अशा लाकडाला दात कसा हवा आणि तो कसा राखायचा, हे एकेका पायरीनं बघू.

पहिली पायरी: मशीन बंद ठेवून दात ओळखा

स्पार्क प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला आणि चेन बोटांनी हळूहळू पुढे सरकवा. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. मधल्या साध्या कड्या फक्त जोडणीच्या, आणि खाली बारच्या खाचेत बसणाऱ्या टोकदार कड्या म्हणजे ड्राइव्ह लिंक.

आता एकच दात जवळून बघा. त्याला दोन धारा असतात. वरची आडवी पट्टी लाकडाचा थर उचलते, बाजूची उभी पट्टी तंतू आडवे तोडते. दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा लाकडात सर्वांत आधी शिरतो, म्हणून सगळा मार तोच खातो. दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा दिसतो तो रेकर. दातानं एका वेळी किती खोल चावायचं हे तो ठरवतो. ज्यानं सुताराचा रंधा हाताळलाय त्याला हे लगेच उमजेल: रंध्याचं पातं तळाच्या किती बाहेर काढलंय त्यावर ढलपी जाड की पातळ हे ठरतं, तसंच दात रेकरपेक्षा किती उंच आहे त्यावर चेनचा घास ठरतो.

ही रचना एका अळीवरून आली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड करणारा माणूस होता. १९४६ मध्ये त्यानं लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी बारकाईनं पाहिली. ती आपले वळलेले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत, आडव्या-उभ्या तंतूंची पर्वा न करता ओला बुंधा खात होती. त्यावरून त्यानं डाव्या-उजव्या वळलेल्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला सुरुवात केली. त्याआधीच्या चेनला साध्या करवतीसारखे सरळ दात होते आणि ते सतत घासत बसावे लागत. आज तुमच्या हातातली चेन कुठल्याही कंपनीची असो, ती त्या अळीचीच नात-पणती.

दुसरी पायरी: तीन आकडे लिहून घ्या

पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. दुकानात "अठरा इंचाची चेन द्या" एवढंच सांगितलं की हमखास चुकीची चेन घरी येते.

पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. आपल्याकडे जी स्वस्त ५८ सीसीची मशीनं दिसतात त्यांवर बहुधा ०.३२५ इंच पिच असतो. लहान आणि बॅटरीवरच्या मशीनवर ३/८ इंच लो प्रोफाइल, म्हणजे त्याच पिचची पण बुटकी चेन, तर मोठ्या मशीनवर पूर्ण ३/८. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. हे आकडे बहुतेक वेळा बारच्या बुडाशी कोरलेले असतात. ड्राइव्ह लिंक मात्र स्वतः मोजा.

पिच मोठा तसा दात मोठा, घास मोठा आणि इंजिनावर भारही मोठा. लहान इंजिनाला मोठ्या पिचची चेन घालून टणक लाकडात ताकद वाढत नाही, उलट चेन जागच्या जागी अडकते.

तिसरी पायरी: कोपरा चौकोनी की गोल

इथे नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो, कारण दुकानदार अभिमानानं "फास्ट कटिंग" असं लिहिलेली चेन काढून देतो.

फुल चिझल दाताचा कोपरा काटकोनात, टोकदार असतो. स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडात तो सर्वांत वेगात कापतो. पण त्या टोकावरच सगळा भार येतो, आणि माती, वाळू किंवा वाळलेली टणक गाठ लागली की आधी तेच टोक जातं. कोपरा गेला की दाताची बाकीची धार शाबूत असली तरी चेन बोथटच.

सेमी चिझलचा कोपरा किंचित गोलसर असतो. वेग थोडा कमी, पण धार बराच जास्त वेळ टिकते आणि हातानं कानस मारताना थोडी कमी-जास्त झाली तरी तो चालवून घेतो. जुना चिपर दात त्याहून गोल. तो मार खूप सोसतो, पण हळू कापतो आणि आता दुकानांत फारसा मिळतही नाही.

माझं मत सरळ आहे. खान्देशात पहिली चेन सेमी चिझलच घ्या. आपल्या लाकडाचा टणकपणा एकवेळ सोडा, त्यावरची धूळच फुल चिझलला खाऊन टाकते. बांधावरच्या झाडाच्या बुंध्याला नांगरटीची काळी माती लागलेली असते, रस्त्याकडेच्या झाडाची साल वर्षानुवर्षांची धूळ धरून बसलेली असते, आणि नदीकाठच्या झाडाला पुरानं आणलेला गाळ. तुमचं काम बारा महिने स्वच्छ, ओल्या निलगिरीचं असेल, तर फुल चिझलचा विचार करायला हरकत नाही.

कार्बाइडच्या टोकाची चेनही मिळते. मातकट लाकडात ती फार टिकते, पण महाग पडते आणि साध्या कानशीनं तिला धार लागत नाही. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: समोरचं झाड कुठलं, ओलं की वाळलेलं

बाभूळ. आपल्या शिवारातलं मुख्य काम हिचंच. ओली असताना सेमी चिझल दात तिच्यातून समजूतदारपणे जातो, ढलप्या नीट पडतात. तीच बाभूळ वर्षभर खळ्यावर पडून वाळली की गाभा दगडी होतो. म्हणून सरपणाची बाभूळ तोडल्याबरोबर हव्या त्या मापाचे तुकडे करून ठेवा आणि मग वाळवा. ओंडके तसेच ठेवून पुढच्या हिवाळ्यात कापायला घेतले तर दुप्पट कानस लागते. दुसरी गोष्ट, बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार आणि खिळे हमखास असतात. तार सालीखाली गिळली गेलेली असते आणि वरून दिसत नाही. जमिनीपासून छातीपर्यंतचा बुंधा कुऱ्हाडीनं तासून बघा. सालीवर आडवा वळ दिसला तर तिथे काप घेऊ नका.

निंब मध्यम टणक, पण त्याचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात. काप घेताना मशीन मधूनच हिसका देतं, ते याच कारणानं. रेकर जास्त खाली घासलेला असेल तर निंबात त्याची शिक्षा लगेच मिळते. वादळात पडलेला निंब कापताना फांद्यांवर कुठे ताण आहे ते आधी बघा, दाताचा विचार नंतर.

आंबा आणि सालई सोपी झाडं. दाताला फार त्रास नाही. सालईचा डिंक मात्र दातांवर आणि बारच्या खाचेत चिकटतो आणि मग तेल चेनपर्यंत पोचत नाही. काम झाल्यावर चेन रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून घ्या.

साग हातात घेतला तर फार जड वाटत नाही. वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, बाभळीहून हलका. तरी सागात धार लवकर जाते, कारण त्याच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. कापताना जोर लागत नाही म्हणून माणूस कापत राहतो आणि चेन बोथट झाल्याचं उशिरा कळतं. सागात पेट्रोलच्या दर टाकीला कानस मारा, गरज वाटो न वाटो.

चिंच आणि खैर यांचा गाभा फार टणक. आणि या सगळ्यांचा बाप अंजन. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि धुळ्याकडच्या कोरड्या टेकड्यांवर दिसणारं हे झाड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक आहे. त्याचा वाळलेला गाभा पाण्यात टाकला तर बुडतो. वाळलेल्या अंजनावर नवखा माणूस फुल चिझल घेऊन गेला तर काही मिनिटांत कोपरे गोल होतात, आणि मग चेन कापायच्या ऐवजी घासत बसते. इथे सेमी चिझल, कमी कोन आणि कमी घास या तिन्हींची जोड लागते. कोन आणि घास यांचं पुढे सांगतो.

बांबूची गंमत वेगळी. आतून पोकळ, पण वरच्या सालीत सिलिका. मोठ्या पिचचा दात बांबूला कापत नाही, ओढतो आणि चिरतो. लहान पिचची चेन आणि पूर्ण वेग ठेवा, किंवा सरळ हातकरवत घ्या. केळीच्या खांबाला मात्र मशीन लावू नका. विळ्याचं काम आहे ते. त्याचे ओले धागे स्प्रॉकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, गुंडाळले गेले की झाकण उघडून तासभर काढत बसावं लागतं.

शिरीष कापताना नाकाला फडकं बांधा. त्याच्या भुश्यानं शिंकांवर शिंका येतात.

आणखी एक. साग, खैर, अंजन, चिंच, आंबा, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी आधी परवानगी, मग मशीन.

पाचवी पायरी: धारेचा कोन

दाताच्या वरच्या पट्टीवर कारखान्यातून एक तिरकी रेघ कोरलेली असते. बहुतेक चेनवर ती ३० अंशांची. कानस तिला समांतर धरली की कोन बरोबर येतो.

कोन वाढवून ३५ केला तर धार पातळ होते, मऊ ओल्या लाकडात झपाट्यानं शिरते आणि तितक्याच झपाट्यानं जाते. कोन २५ वर आणला तर धारेमागे जास्त पोलाद राहतं. काप थोडा हळू होतो, पण वाळलेली बाभूळ, चिंच, अंजन यांत टिकतो आणि मशीन थरथरतही कमी. ओल्या कामाला ३० आणि वाळलेल्या टणक कामाला २५, एवढं लक्षात ठेवलं तर वर्षभर पुरतं. महत्त्वाचं हे की सगळ्या दातांचा कोन सारखा हवा. अर्धे तिशीचे आणि अर्धे पंचविशीचे असले तर कुठलंच लाकूड धड कापलं जात नाही.

ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या असतील तर मामला बदलतो. तिथे दात तंतूंच्या टोकांवर धडकतो, म्हणून १० अंशांच्या आसपासची वेगळी चेन लागते. साध्या चेननं फळी निघते, पण खडबडीत, आणि इंजिनाचा जीव जातो. त्यापेक्षा ओंडका वखारीत नेलेला स्वस्त पडतो.

सहावी पायरी: रेकर

बोथट चेनची निम्मी कहाणी इथे असते. धार लावणारे दाताकडे बघतात, रेकरला कोणी हात लावत नाही. दाताची वरची पट्टी मागे उतरती असते. जसजसा दात घासला जातो तसतशी त्याची धार मागे आणि खाली सरकते. रेकर मात्र आहे तिथेच. काही दिवसांनी दोघांची उंची सारखी होते. मग दात वस्तऱ्याइतका धारदार असला तरी तो लाकडाला टेकतच नाही. रेकर लाकडावरून घसरत जातो आणि तुम्हाला वाटतं, मशीनमध्ये दम उरला नाही.

दात आणि रेकर यांच्या उंचीतला फरक साधारण ०.६५ मिलिमीटर असावा. वाळलेल्या टणक लाकडासाठी ०.५ पर्यंत कमी चालतो, आंब्यासारख्या मऊ ओल्या लाकडासाठी ०.७५ पर्यंत. हे मोजायची पत्र्याची छोटी पट्टी, डेप्थ गेज, चेनच्या दुकानात मिळते. ती घ्याच. एखाद्या दिवशी ती हाताशी नसेल तर अंदाजासाठी एक युक्ती: दोन दातांच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवा आणि तिच्याखाली रेकरवरच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून बघा. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. ते आरामात शिरलं तर रेकर जास्त खाली गेलाय. अडलं तर कार्ड काढून फट डोळ्यांनी बघा. कार्डापेक्षा जराशीच कमी असेल तर ठीक, अजिबातच दिसत नसेल तर रेकर उतरवायची वेळ झाली. दर तीन-चार वेळा धार लावली की एकदा हे तपासा, चपट्या कानशीनं एक-दोन हात मारा आणि रेकरची पुढची कड पुन्हा गोलसर करा. ती कड टोकदार राहिली तर मशीन झटके देतं.

काही हौशी लोक रेकर मुद्दाम खूप खाली घासतात. "जोरात कापतं" म्हणतात. पहिल्या मिनिटाला खरंच जोरात कापतं. मग दात लाकडात रुततो, इंजिन दबतं, क्लच तापतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे किकबॅक वाढतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला तर मशीन उसळून तुमच्या तोंडाकडे येतं. हे इतकं पटकन होतं की हात हलवायलाही वेळ मिळत नाही. नव्या चेनच्या कड्यांवर किकबॅक कमी करणारे उंचवटे असतात, ते घासून काढू नका. चेन ब्रेक चालतो का ते रोज बघा. हेल्मेट, जाळी, पायांचं संरक्षण आणि बूट असल्याशिवाय मशीन सुरू करू नका. चप्पल घालून बुंध्यावर उभे राहून कापणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचं अनुकरण करू नका.

सातवी पायरी: कानस चालवणं

गोल कानस पिचप्रमाणे घ्या. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर. पूर्ण ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. जाड कानस दाताला पोट ठेवत नाही, बारीक कानस त्याला खाली कोरून कमजोर करते.

बार व्हाइसमध्ये किंवा ओंडक्याच्या खाचेत घट्ट पकडा आणि चेन जरा ताणून घ्या. सर्वांत झिजलेला दात शोधा, सुरुवात त्याच्यापासून. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहू द्या. दाताच्या आतून बाहेरच्या बाजूला ढकला, परत आणताना उचला. मागेपुढे खरवडलं तर कानसही जाते आणि धारही. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला जा, आणि दोन्हीकडच्या दातांची लांबी सारखी ठेवा. एका बाजूचे दात लांब किंवा जास्त धारदार राहिले तर काप त्या बाजूला वळत जातो आणि बार अर्ध्यात अडकतो.

किती हात मारायचे? याला आकड्यात उत्तर नाही. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ, कडक थर असतो, आणि खरी धार त्याचीच. मातीत किंवा खिळ्यावर गेल्यावर तो थर कडेनं निघून जातो. मागचं पोलाद त्यामानानं मऊ असतं, म्हणून तर कानस त्याला लागते. क्रोमची अखंड कड परत येईपर्यंत घासायचं. उजेडात दात तिरका धरून बघा. कडेवर पांढरी चमकणारी रेघ दिसली तर तो अजून बोथट आहे, कारण धारदार कडेवर उजेड अडत नाही. टाकी भरताना दर वेळी दोन-तीन हात मारण्याची सवय लावली, तर तासभर बसून घासण्याची वेळ येत नाही.

आठवी पायरी: भुसा बघा

आडव्या कापात जाडसर, चौकोनी ढलप्या पडत असतील तर दात नीट आहे. पीठ पडत असेल तर थांबा. बार लाकडात आपल्या वजनानं उतरला पाहिजे. तुम्हाला दाबावं लागतंय म्हणजे दात संपला. उभं चिरताना मात्र चांगला दातही बारीक भुसा काढतो, तिथे फसू नका. आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यात तंतूंच्या दिशेनं बार घातला तर लांब लांब धागे निघून झाकणात कोंबले जातात. दर दोन मिनिटांनी मोकळं करा.

पीठ आणि धूर दोन्ही दिसले तर आधी तेल तपासा. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात पातळ तेल चेनवर थांबतच नाही. बार ऑइल नसेल तर नवं, घट्ट इंजिन ऑइल घाला. गॅरेजमधलं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा चुरा असतो आणि तो बारची खाच खातो.

कामावर जाताना दोन चेन जवळ ठेवा. सकाळी एक, दुपारी दुसरी, म्हणजे उन्हात घाईघाईनं धार लावावी लागत नाही. दोन्ही आलटून-पालटून वापरल्या की स्प्रॉकेटही त्यांच्याबरोबरच झिजतो. दाताची वरची पट्टी सर्वांत अरुंद जागी ४ मिलिमीटर उरली की त्या चेनला निरोप द्या, कारण पुढे दात तुटून उडू शकतो. दोन्ही चेन संपल्यावर स्प्रॉकेटसुद्धा बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती महिन्याभरात ताणली जाते आणि दुकानदाराशी भांडण्यात सकाळ जाते.